आधी सगळं वाईट सांगायचं

ऑपरेशनच्या आधी पेशंटला काय काय वाईट होऊ शकतं ते सगळं सांगायचं, ही माझी सवय राजकारणात मला पहिल्यांदा नडली ती काकांच्या बेसमेंटमध्ये.

शिकागोपासून गाडीने तासाभरावर आमचं गाव आहे. मधून मालगाडीचे रूळ जातात. रुळांच्या पूर्वेला जुनी वस्ती, बहुतेक घरं कृष्णवर्णीय कुटुंबांची, आणि तिथेच गावातलं एकमेव हॉस्पिटल. पश्चिमेला हायवेलगत नवी घरं आणि त्यांत आपली माणसं बरीच. मी पेशाने सर्जन, पोटाची ऑपरेशनं करतो. आणि या पश्चिमेच्या वॉर्डातून सिटी कौन्सिलवर निवडून आलेला सदस्यही आहे. त्या हिवाळ्यात हॉस्पिटलने प्रस्ताव आणला होता की हायवेजवळ नवी इमारत बांधू, इमर्जन्सी विभाग तिथे हलवू आणि पूर्वेचा बंद करू. जमिनीच्या वापराला कौन्सिलची परवानगी हवी होती. सात सदस्यांपैकी तिघे बाजूने, तिघे विरुद्ध, हे सगळ्यांना माहीत होतं. सातवा मी.

वसंतात माझी पुन्हा निवडणूक होती. म्हणून काकांनी घरी चहाला माणसं बोलावली होती. बटाटेवडे, आल्याचा चहा, कोपऱ्यात पिंगपाँगच्या टेबलावर नॅपकिनचे गठ्ठे. पहिलाच प्रश्न एका पुण्याच्या इंजिनिअरने विचारला.

"डॉक्टर, नवी इमर्जन्सी आपल्याकडे येतीये ना? की अजून काही घोळ?"

मी म्हटलं, "माझं मत आहे की पूर्वेची बंद होऊ नये."

"दोन्ही चालवणं परवडत नाही म्हणतात ते. मग ते गाव सोडूनच गेले तर?"

इथे कुठल्याही राजकारण्याने "असं काही होणार नाही" म्हटलं असतं. माझ्या तोंडून मात्र पेशंटच्या खाटेजवळ उभा असताना येतो तोच सूर आला. "जाऊ शकतात. मग आपल्याकडे तेही नाही आणि हेही नाही. हायवेजवळ हॉस्पिटल आलं नाही तर तुमच्या घरांच्या किमती जेवढ्या वाढतील असं वाटतंय तेवढ्या वाढणार नाहीत. आणि एवढं सगळं करून पूर्वेचा विभाग वाचेलच, अशी खात्री मी देऊ शकत नाही."

वडे खाणारे हात थांबले. मग तो इंजिनिअर म्हणाला, "अहो, तुम्ही मत मागताय की ऑपरेशनच्या कागदावर सही घेताय?"

सगळे हसले. मीही हसलो. सोफ्याच्या टोकाला माझ्या प्रचाराचं काम बघणाऱ्या बाई बसल्या होत्या. पूर्वेच्या वस्तीतल्या निवृत्त शिक्षिका, स्वतः कृष्णवर्णीय. मराठी त्यांना येत नाही, पण चेहरे वाचायची आयुष्यभराची सवय. त्यांनी मला हळूच विचारलं, "काय सांगितलंत यांना?" मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"डॉक, मलाही तुम्ही ऑपरेशनच्या आधी असंच सगळं सांगितलं होतंत. पण मी तेव्हा स्ट्रेचरवर होते. पळून जाता येत नव्हतं."

माझ्या राजकारणाची सुरुवात या बाईंपासूनच झाली. काही वर्षांपूर्वी पोट दुखतं म्हणून त्या इमर्जन्सीत दोनदा आल्या होत्या. दोन्ही वेळा ॲसिडिटीचं औषध देऊन त्यांना परत पाठवलं गेलं. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी अपमान केला नाही. फक्त त्यांच्या दुखण्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. तिसऱ्यांदा मुलीने उचलून आणलं तेव्हा आतडं पिळलं जाऊन काळं पडलं होतं. मी ते कापून काढलं. त्या वाचल्या. टाके काढायच्या दिवशी मला म्हणाल्या, "तुम्ही हात चांगला चालवता. पण माझ्यानंतर जी येईल, तिचं दुखतंय हे तुमच्यापर्यंत पोचवणार कोण?"

गाडीत बसल्यावर मला माझी आई आठवली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती खिडकीपाशी ओंजळ पुढे करायची आणि कंपाउंडर गोळ्या वरून सोडायचा, हात लागू नये म्हणून. एखादी गोळी खाली पडायची. आई ती उचलून पदराला पुसायची आणि मला म्हणायची, "चल." तिने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या हेडमास्तरांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेऊन दहावीला बसवलं, वसतिगृह मिळवून दिलं, मेडिकलचा अर्ज भरायला स्वतः माझ्याबरोबर एसटीने आले. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. मी जो काही आहे तो अशा माणसांच्या हातांमुळे आहे, हे मी रोज आठवतो. ज्याच्यावर इतके उपकार झालेत त्याने भांडखोर होऊ नये, असंही मला खूप वर्षं वाटायचं. त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता बसलो असताना ते वाटणं पहिल्यांदा ढळलं.

काकांचे उपकार तर त्याहून जवळचे. ते माझे नात्याने कोणी नाहीत. रेसिडेन्सीच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरी प्रशिक्षणाच्या, मुलाखतींसाठी मी या देशात आलो तेव्हा कोणाच्या तरी ओळखीने त्यांच्या याच बेसमेंटमध्ये राहिलो. पहिल्या मुलाखतीला त्यांचा कोट घालून गेलो, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. बर्फात गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. काकू माझ्या नाइट ड्यूटीसाठी पोळीभाजीचा डबा भरायच्या. माझी पहिली निवडणूक झाली तेव्हा गावातल्या मराठी घरांपैकी काकांच्या लॉनवर माझी प्रचाराची पाटी सगळ्यात आधी लागली. त्या निवडणुकीत मी दारोदार फिरायचो आणि एका घराच्या दाराच्या कॅमेऱ्यातून कुणा बाईचा आवाज आला होता, "पार्सल पायरीवर ठेव." काकांना ते सांगितलं तेव्हा ते खदाखदा हसून म्हणाले होते, "मग ठेवलंस की नाही? मत मिळालं असतं!"

तेच काका कौन्सिलमधल्या प्रस्तावावरच्या सुनावणीच्या आधीच्या शनिवारी मला म्हणाले, "चल, डेव्हनला जाऊ. काकूला आमरस हवाय."

डेव्हन ॲव्हेन्यूवर, शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, काकांबरोबर जाणं म्हणजे पार्किंग शोधणं. काकांचा जीव पार्किंगमध्ये. साड्यांच्या दुकानांसमोरून आम्ही तीन फेऱ्या मारल्या. समोर बस थांबली की ते तिला शिव्या घालत. शेवटी गल्लीत जागा मिळाली तेव्हा त्यांचा चेहरा लग्न जमल्यासारखा उजळला. गाडीतून उतरताना त्यांनी कमरेचा पट्टा धरला आणि क्षणभर थांबले. त्यांना हर्निया आहे, किती वर्षं टाळतायत.

"काका, दाखवून घ्या म्हणतोय मी."

"हो रे, बघू. आधी ते तुझं काय ते सांग."

मिठाईच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर चाटची प्लेट मध्ये ठेवून ते बोलले.

"मी तुला त्यांच्याविरुद्ध जा म्हणत नाही. कोणाचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण तू आमच्या वॉर्डाचा आहेस ना? आमची पोरं म्हणतायत, यानेच आपलं हॉस्पिटल घालवलं तर?"

"काका, ते हॉस्पिटल आपल्याकडे येतंय म्हणजे तिकडून जातंय."

"जाऊ दे ना. अँब्युलन्स आहेत, रस्ते आहेत. आपण इथे पाहुणे आहोत रे. पाहुण्याने घरातल्या भांडणात बोलू नये."

"तुमचं अख्खं आयुष्य गेलं इथे. अजून पाहुणे?"

काकांनी चमच्याने दही एका बाजूला सारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "विरोध करू नकोस. बाजूनेही बोलू नकोस. फक्त त्या दिवशी जाऊ नकोस. सर्जन आहेस, इमर्जन्सी आली म्हण. कोण विचारणार आहे?"

मी गैरहजर राहिलो तर तीन विरुद्ध तीन होणार आणि निर्णायक मत महापौरांचं. महापौर प्रस्तावाच्या बाजूचे. काकांना हे माहीत होतं, मलाही. मी "बघतो" म्हटलं. काकांना नाही म्हणायची मला सवय नाही.

त्या आठवड्यात माझी झोप उडाली. फोनवर कोणीतरी पाठवलेले मेसेज यायचे. काही अनोळखी माणसांचे, "आपल्या देशात परत जा" असे. ते मी खोडून टाकायचो. जास्त लागायचे ते मराठी ग्रुपवरचे, ज्यांच्याकडे मी जेवलो होतो त्यांचे. कोणी सरळ काही लिहीत नव्हतं. "आपल्याच माणसाला निवडून दिलं यार, आणि हा बघा," एवढंच, आणि खाली अंगठे.

घरी बायकोला म्हटलं, "काका म्हणतायत, जाऊ नकोस."

ती नागपूरची, बोलायला सरळ. "आणि तुला काय वाटतं?"

"काकांनी माझ्यासाठी इतकं केलंय."

"केलंय ना. त्याची परतफेड तू दुसऱ्याच्या इमर्जन्सीतून करणार का?"

कॉलेजमधून सुट्टीवर आलेली मुलगी फ्रिज उघडून उभी होती. ती आत डोकं खुपसूनच म्हणाली, "बाबा, यू टेल एव्हरीवन द ट्रुथ. यू ईव्हन टोल्ड मी माय हॅमस्टर वॉज डाइंग. आय वॉज सिक्स."

बायको हसली. मी हसलो नाही. मला खरंच भीती वाटत होती, आणि ती निवडणूक हरण्याची नव्हती. काका माझ्याशी बोलायचे थांबले तर या देशात मला "जेवलास का?" असं विचारणारं कोण उरेल, याची होती.

सुनावणीच्या दिवशी मी सिटी हॉलच्या वॉशरूममध्ये कोपरापर्यंत हात धुतले. ऑपरेशनच्या आधी धुतो तसे, नकळत. शर्टाच्या बाह्या ओल्या झाल्या. सभागृह भरलेलं होतं. डावीकडे पूर्वेची माणसं, उजवीकडे पश्चिमेची, मध्ये रिकामी वाट, जशी गावात रुळांची. माणसं तशी कोणी बसवली नव्हती, आपोआप बसली होती. उजवीकडे मागून दुसऱ्या ओळीत काका आणि काकू.

बसायच्या आधीच खिशात फोन थरथरला. हॉस्पिटलमधून ज्युनिअर डॉक्टर. एका पेशंटच्या पोटातल्या नळीतून स्राव कमी येतोय, काय करू? मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलो. त्या फोनमध्ये असं काहीच नव्हतं ज्यासाठी मला जावं लागावं. पण गाडीची किल्ली खिशात होती, आणि मी कोणाला न सांगता निघून गेलो असतो तर ते खोटंही ठरलं नसतं. हॉस्पिटलचा फोन खराच आला होता. मी काय करायचं ते सांगितलं, दोनदा सांगितलं, पलीकडून "थँक यू" आल्यावरही फोन कानाला धरून उभा राहिलो. मग आत आलो.

हॉस्पिटलचे प्रतिनिधी सभ्य गृहस्थ होते. पडद्यावर नव्या इमारतीची चित्रं, काचा, झाडं. पूर्वेच्या नागरिकांनाही अधिक चांगली सेवा मिळेल, अँब्युलन्सची व्यवस्था वाढवू, असं त्यांनी सांगितलं. मग नागरिकांना बोलायची वेळ आली. आमच्या बाई उठल्या.

"मला त्या इमर्जन्सीने दोनदा घरी पाठवलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटेल, हिने तरी ती इमर्जन्सी वाचवायला येऊ नये. पण तिसऱ्यांदा मुलगी मला उचलून नेऊ शकली, कारण हॉस्पिटल चार गल्ल्यांवर होतं. वाईट वागलं तर मी त्याच्याशी भांडेन. पण भांडायला ते तिथे असावं लागतं."

डावीकडून टाळ्या. उजवीकडे शांतता. मग काका उठले. माइकपर्यंत येताना त्यांनी पट्टा धरला होता. मला ते दिसलं आणि मी माझ्या चालू माइकमध्ये मराठीत म्हणालो, "काका, सावकाश. बसून बोला."

सभागृहात हशा पिकला, दोन्ही बाजूंनी. महापौरांनी विचारलं, "हे भाषांतर करायचं का?" काका मात्र हसले नाहीत. त्यांनी इंग्रजीत, एकेक शब्द निवडून सांगितलं की मी म्हातारा माणूस आहे, माझी तब्येत बरी नसते, मला हॉस्पिटल घराजवळ हवंय, यात माझी काही चूक आहे असं मला वाटत नाही. "हा सदस्य मला मुलासारखा आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हात जोडले. "मी त्याला विनंती करतो."

काका मला हात जोडतायत हे बघणं मला सहन झालं नाही. काकूंनी मान खाली घातली होती. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी तयार केलेलं भाषण समोर होतं, ते वाचता येईना. अक्षरं दिसत होती, वाक्यं होत नव्हती. तेव्हा मला जे येतं तेच मी केलं.

हॉस्पिटलच्या प्रतिनिधींना मी विचारलं, "तुमच्या योजनेत काय बिघडू शकतं?"

"प्रत्येक बदलात काही जोखीम असतेच, कौन्सिलमन."

"कोणती? कोणाला?"

"तपशिलात जाण्याची ही जागा नाही असं मला वाटतं."

"मी तुमच्याच हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनं करतो," मी म्हणालो. "पेशंटची सही घेण्याआधी मला त्याच्या डोळ्यांत बघून सांगावं लागतं की रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, तुम्ही मरूही शकता. न सांगता मी सुरी लावली तर तुम्ही मला कामावरून काढाल, आणि ते बरोबरच होईल. तुम्ही या अर्ध्या गावावर ऑपरेशन करताय. ती माणसं इथे डावीकडे बसलीत. ती बहुतेक सगळी कृष्णवर्णीय आहेत, आणि कापायची जागा दरवेळी तिकडेच निघते हा योगायोग आहे असं मी मानत नाही. त्यांच्याकडे बघून सांगा. रुळांवर मालगाडी उभी असेल आणि अँब्युलन्स पूर्वेकडेच अडकली तर काय होईल?"

त्यांनी कागद चाळले. मग ते वकिलांकडे वळले. मी वाट बघितली. ऑपरेशन थिएटरमधली शांतता मला सवयीची आहे, ही नव्हती. शेवटी ते म्हणाले, "उशीर होऊ शकतो."

"आणि उशीर झाला तर?"

"काही रुग्णांच्या बाबतीत... परिणाम वाईट होऊ शकतो."

त्यांनी ते माझ्याकडे बघून सांगितलं, डावीकडे नाही. तरी डावीकडून एक आवाज आला, रडण्याचा नव्हे, श्वास सोडल्याचा. मग मी उजवीकडे वळलो आणि माझ्या माणसांनाही सांगितलं, जे बेसमेंटमध्ये सांगितलं होतं तेच. की मी अट घालणार आहे, पूर्वेचा विभाग चालू राहिला तरच परवानगी. त्यामुळे हॉस्पिटल पश्चिमेला कधीच न येण्याची शक्यता आहे. आणि ते तुम्ही माझ्या नावावर लिहू शकता.

अट चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाली. आमच्या बाईंनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाल्या, "निवडणुकीला किती दिवस उरलेत ते आठवायचंय का तुम्हाला?" मी मान वर करून बघितलं तोवर काका-काकू निघून गेले होते.

नंतरचे दिवस वाईट गेले. हॉस्पिटलने विचार करायला मुदत मागितली. ते काय करतील ते अजून कोणालाच माहीत नाही. आमच्या रस्त्यावरच्या लॉनवरून माझ्या पाट्या एकेक करून नाहीशा झाल्या. काकांच्या घरावरून मी गाडी नेत नव्हतो, लांबचा रस्ता घ्यायचो. फोन उचलून त्यांचा नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. काय बोलणार? माफी मागायची तर ज्याची मागायची ते मी पुन्हाही केलं असतं.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात काका. एका हातात माझी पाटी, तिच्या तारेच्या पायांसकट, आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. पाटी धुवून पुसून आणली होती.

"ही तुझी," ते म्हणाले. "लॉनवर ठेवायची नाही असं ठरवलंय. पण कचऱ्यात टाकवेना."

"काका, या ना आत."

"आणि हे काकूने दिलंय. बेसनाचे. रिकाम्या हाताने जाऊ नका म्हणाली. मत कोणाला देणार ते विचारू नकोस."

"नाही विचारत."

ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले, पट्टा धरून, हळूच. बायकोने चहा टाकला. बराच वेळ आम्ही हवेबद्दल बोललो, तिच्या भावाच्या व्हिसाबद्दल बोललो. मग काकांनी डबा स्वतःच उघडला, एक लाडू घेतला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "ते हर्नियाचं. रात्री दुखायला लागलंय आता. तूच करशील ना?"

"करेन. पण काका, मी फक्त पूर्वेच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन करतो. रुळांच्या पलीकडे."

इतकी वर्षं या गावात राहून काका तिकडे कधी गेले नव्हते, हे मला माहीत होतं. त्यांनी लाडवाचा एक तुकडा मोडला.

"पार्किंग आहे का तिथे?"

"आहे. भरपूर."

"मग ठीक आहे."

बायकोने माझ्यासमोर कप ठेवला. ज्याच्या कोटात मी या देशात उभा राहिलो त्या माणसावर सुरी धरायची होती, आणि आता मला तीही भीती वाटायला लागली. मी कप बाजूला सारला आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"काका, आता नीट ऐका. काय काय होऊ शकतं ते सांगतो. एक, रक्तस्राव. दोन, जंतुसंसर्ग. जाळी बसवली तरी हर्निया पुन्हा होऊ शकतो. तुमचं वय बघता भुलीमुळे हृदयावर..."

"अरे थांब, लाडू तरी खाऊ दे!" काका म्हणाले. मग हात झटकून, डोळे माझ्याकडे लावून, "हं. सांग."

मी सगळं सांगितलं.